काकू विमान उतरवतात

पडदे शिवणाऱ्या काकूंच्या हाती विमान आलं ते मुलाच्या कृपेने. तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि जाताना कॉम्प्युटरवरचा विमान उडवायचा खेळ, म्हणजे खोलीतला मोठा स्क्रीन, विमान चालवायचा दांडा आणि टेबलाखालची पेडलं, जिथल्या तिथे सोडून गेला. काकूंनी त्या खोलीत कापडाचे तागे रचले आणि मुलाला फोन लावला.

"हे तुझं विमान नुसती धूळ खातंय. देऊन टाकू का कुणाला?"

"दे. पण आधी एकदा उडवून तर बघ."

काकूंनी उडवलं. म्हणजे उडवायला बसल्या. पेडल दाबलं की मशीन पळतं ही पायांची आयुष्यभराची सवय. इथे पेडल दाबलं की विमान धावपट्टी सोडून गवतात शिरायचं. पहिल्या दिवशी त्या गवतातच फिरल्या आणि तरीही खूश होत्या.

हळूहळू उडणं जमलं. उतरणं मात्र काही केल्या जमेना. कधी विमान चेंडूसारखं उसळायचं, कधी धावपट्टी संपली तरी हवेतच असायचं. एकदा तर त्या थेट पाण्याच्या टाकीवर गेल्या. मुलगा फोनवर समजावायचा, "आई, उतरणं जमिनीजवळ सुरू होत नाही, खूप आधी सुरू होतं. वेग एकसारखा ठेव, उतार एकसारखा ठेव. आणि पाचशे फुटांवर सगळं जागच्या जागी नसेल तर उतरायचंच नाही. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं."

"एवढं जवळ आल्यावर परत फिरायचं? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? विमानात तू एकटी आहेस!"

काकूंना ते पटलं नाही. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या आपटायच्या, पण उतरायच्याच.

मग या खेळात काका ओढले गेले. काकांनी सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात काढली होती. निवृत्तीनंतर त्यांचा तो खणखणीत आवाज घरात नुसता पडून होता. काकूंनी त्यांना शेजारी खुर्ची दिली. "अहो, मला खाली आकड्यांकडे बघायला वेळ होत नाही. तुम्ही वाचा."

काका घसा खाकरून सुरू झाले. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उंची आठशे फूट. वेग पंच्याहत्तर, पाहिजे पासष्ट."

"प्रवासी नकोत, नुसते आकडे सांगा!"

शिवणाच्या खडूची युक्ती काकूंची स्वतःची. विमान नेमकं जिथे चाललंय तिथे त्यांनी स्क्रीनवर एक बारीक ठिपका काढला. धावपट्टीचं टोक ठिपक्यावर स्थिर राहिलं की ठीक. टोक ठिपक्याच्या खाली घसरायला लागलं की आपण जास्त उंच, वर चढायला लागलं की फार खाली. धावपट्टीच्या कडेला चार दिवेही होते. दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर. चारही पांढरे म्हणजे फार उंच. ठिपका, दिवे आणि काकांचा आवाज, या तिघांच्या जिवावर काकूंचं विमान खरोखरच सरळ रेषेत उतरू लागलं. निदान बऱ्याचदा.

त्याच सुमारास मुलीने सांगितलं की तिने लग्नासाठी मुलगा पसंत केलाय आणि रविवारी तो जेवायला येतोय.

"करतो काय?" काकांनी विचारलं.

"वैमानिक आहे. खराखुरा."

काकूंच्या हातातली कात्री थांबली. "आपल्या विमानाचं त्याला काही बोलू नकोस हं."

"मी सांगून बसलेय," मुलगी म्हणाली.

रविवारी पाहुणा आला. उंच, नीटनेटका आणि कमालीचा अवघडलेला. जेवताना प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "हो" नाहीतर "छान". काकांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या, त्याही दोन वाक्यांत आटोपल्या. शेवटी मुलगीच वैतागली. "आई, दाखव ना त्याला. मी टेबल आवरते. आणि मग जरा लग्नाचंही बोलून घ्या."

तिघं तागे ओलांडून खोलीत गेले. पाहुणा दारालगत स्टुलावर टेकला. काकूंनी विमान वर नेलं, वळवलं, धावपट्टी समोर घेतली. खरा वैमानिक पाठीमागे बसलाय या विचारात त्यांचं लक्ष उडालं. वळणच उशिरा घेतलं गेलं.

"सातशे फूट. वेग ऐंशी," काका म्हणाले. आज त्यांच्या आवाजात एकही प्रवासी नव्हता.

काकूंनी जोर कमी केला. दिवे चारही पांढरे. धावपट्टीचं टोक ठिपक्याखाली सरकत चाललेलं. नाक खाली दाबलं तर वेग वाढला, वर उचललं तर उंची उतरेना.

"पाचशे." काका थांबले. मग हळूच म्हणाले, "अगं, जमत नाहीये."

धावपट्टी एवढी जवळ होती. नेहमीसारखं रेटून आपटता आलं असतं. पाहुण्याची नजर पाठीला टोचत होती. काकूंनी इंजिनाचा जोर वाढवायचा खटका पूर्ण पुढे ढकलला. इंजिन गरजलं, नाक वर आलं, धावपट्टी पोटाखालून निघून गेली.

काकूंचे कान लाल झाले. "नाही जमलं," त्या स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या.

"काकू, जमलं की!" पाहुणा उठून उभा राहिला होता. "हेच तर जमत नाही लोकांना. मागच्या महिन्यात मला असंच वर जावं लागलं, भरलेलं विमान घेऊन. मागे लोक कुरकुरत होते, मला दरदरून घाम फुटलेला. उतरल्यावर एक आजी म्हणाल्या, बाळा, रस्ता चुकलास का?"

काका खदाखदा हसले. काकूही हसल्या. पाहुण्याने स्टूल ओढत त्यांच्या खांद्यापाशी आणलं. "आता वळण जरा आधी घ्या. घाई नको. काका, वेग?"

"सत्तर! अडुसष्ट! पासष्ट!"

दोन पांढरे, दोन लाल. टोक ठिपक्यावर खिळलेलं. विमान एकदा हलकंसं उसळलं आणि धावपट्टीच्या मधोमध पळत जाऊन थांबलं. पाहुण्याने टाळ्या वाजवल्या.

"मला एकदा द्या ना," काका अचानक म्हणाले. एवढे दिवस ते नुसते आकडे वाचत होते, हे काकूंना तेव्हाच जाणवलं. त्यांनी लगेच खुर्ची सोडली.

बऱ्याच वेळाने मुलगी हात पुसत दारात आली. बाबा दांडा घट्ट पकडून बसले होते, आई उंची ओरडत होती आणि तिचा अबोल वैमानिक गुडघ्यांवर बसून टेबलाखाली बाबांचा चुकीच्या पेडलावरचा पाय हलवत होता.

"झालं का लग्नाचं बोलणं?"

"थांब गं जरा," आई म्हणाली, "यांना आधी खाली तर येऊ दे."