सहाव्या वर्तुळातला टाका

मित्रांनो, समोरच्या भिंतीवर ही जी लांबलचक रंगीत पट्टी दिसते आहे ना, तो मीच. मी एक जुना तक्ता आहे. साधासुधा नव्हे, युगांचा तक्ता. सृष्टीच्या पहिल्या सकाळपासून देवाच्या येणाऱ्या राज्यापर्यंतचा सगळा काळ माझ्या अंगावर मावला आहे. एवढे ज्याच्या अंगावर आहे त्याने थोडे मिरवले तर बिघडले कुठे?

माझा जन्म पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या दुकानात झाला. आमच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात पवित्र शास्त्र शिकवणारे मास्तर एक दिवस मांजरपाटाची गुंडाळी काखोटीला मारून त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "सात वर्तुळं हवीत. एकसारखी." पेंटरने जेवणाची थाळी माझ्यावर पालथी घातली आणि सातही वर्तुळे आखली. पहिल्यात हिरवी बाग आली. ते निष्पापपणाचे युग. मग सदसद्विवेकाचे, मानवी शासनाचे आणि अभिवचनाचे. पाचव्यात दहा आज्ञांच्या दगडी पाट्या आल्या, कारण ते नियमशास्त्राचे. त्यापुढे वधस्तंभ, आणि वधस्तंभानंतर सहावे वर्तुळ कृपेचे, म्हणजे आजचे. सातवे राज्याचे. ते अजून यायचे आहे. त्याच्यासाठी पेंटरने सोनेरी रंगाचा डबा तळापर्यंत खरवडला.

मास्तरांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. ते म्हणत, देवाने प्रत्येक युगात माणसांवर वेगळी जबाबदारी सोपवली. इस्राएल ते इस्राएल आणि आपली विश्वासणाऱ्यांची मंडळी ती मंडळी, त्यांची खिचडी करायची नाही. कोणतेही वचन वाचले की ते लांब काठी उचलत आणि विचारत, "हे कुणाला सांगितलंय? कोणत्या युगात?" लोक उत्तर देत. मग काठीचे टोक सहाव्या वर्तुळावर टक्‌ करून आपटे. "आणि आपण इथं आहोत." एकदा एका पाहुण्याला राज्य कधी येणार त्याची तारीखच माझ्यावर लिहायची हुक्की आली. मास्तरांनी हसत हसत त्याच्या हातातला खडू काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

आमच्याकडे एक शिंपी येत असे. एका पायाने लंगडा, पण आवाज असा की गाणे सुरू झाले की पाखरे खिडकीत येऊन बसत. तो मात्र कायम दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. थट्टेने सगळे त्याला 'बाकाचे मालक' म्हणत. त्याच्या मुलीचे लग्न ठरले. आमच्याकडे लग्नात मुलीचा बाप पुढे उभा राहून प्रार्थना करतो. शिंप्याने सांगून टाकले, प्रार्थना मामा करतील.

मुलगी बाक पुसता पुसता थांबली. "बाबा, हे लग्न तुमच्या मनाविरुद्ध आहे का?"

"तसं नाही गं."

"मग पुढं यायला काय होतंय? पाय दुखतो म्हणाल तर खुर्ची ठेवते."

"मामा छान प्रार्थना करतात."

"मला मामाची नकोय," ती म्हणाली आणि फडके बाकावर टाकून निघून गेली. शिंप्याने ते उचलून उरलेला बाक पुसला. तिला वाटत होते की बापाचा आशीर्वाद नाही. खरे कारण मलाही ठाऊक नव्हते.

ते कळले माझ्या फाटण्यामुळे. इतक्या वर्षांच्या टकटकीने माझे सहावे वर्तुळ विरले होते. एका रविवारी काठी सरळ आरपार गेली. मास्तरांनी शिंप्याला बोलावले. "इकडं खिडकीपाशी ये, उजेड आहे."

"मागंच आणा ना मास्तर. दारापाशी शिवतो."

मास्तरांनी मला मागच्या बाकावर पसरले आणि शेजारी बसले. शिंप्याने माझ्या खाली ठिगळ लावले, टाके घालू लागला. थोड्या वेळाने मास्तरांनी विचारले, "तू पुढं का येत नाहीस रे?"

सुई थांबली. "शास्त्रातच आहे ना, मास्तर. लंगड्यानं वेदीजवळ जायचं नाही. लहानपणी वाचलं, ते मनातून जात नाही. मी पुढं उभा राहिलो आणि पोरीच्या संसाराला त्याची बाधा झाली तर?"

मित्रांनो, मास्तरांचा प्रश्न हा माणूस दर रविवारी ऐकत होता. स्वतःला छळणाऱ्या वचनाला मात्र त्याने तो कधी विचारलाच नव्हता.

मास्तर रागावले नाहीत. "एकाच्या मापाचा कोट तू दुसऱ्याच्या अंगात घालतोस का?"

"कसा घालीन? बसायचाच नाही."

"मग ते वचन कुणाच्या मापाचं आहे?"

शिंपी आठवू लागला. "याजकांच्या. इस्राएलात वेदीवर अर्पणं करणाऱ्या याजकांच्या."

"कोणत्या युगात?"

"नियमशास्त्राच्या. पाचव्या."

"ते खरंच आहे, बरं का. वाचावं, त्यातून देवाची पवित्रता शिकावी. पण ते तुझ्या अंगात घालायचं नाही. आता सांग, तुझी सुई कुठं आहे?"

त्याने खाली पाहिले. "सहाव्यात."

"मग इतकी वर्षं पाचव्यात का बसलायस, बाबा?"

शिंप्याने डोळे पुसले, उरलेले टाके घातले, दोरा दाताने तोडला. मग मला खांद्यावर टाकून तो स्वतः पुढे चालत गेला आणि मला माझ्या खिळ्यांवर टांगले. मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा नव्या रंगाच्या दिवसांतही वाटला नव्हता.

लग्नाच्या दिवशी ठरल्याप्रमाणे मामा उठले. "बसा मेव्हणे, आज माझी पाळी आहे," मागून आवाज आला. एक पाऊल हलके, एक जड. मुलीने वळून न बघताच ती पावले ओळखली आणि तिचा चेहरा फुलला. शिंप्याची प्रार्थना मध्येच अडखळली, अर्धी तर तो विसरलाच. कुणाचे काही अडले नाही.

पुढे मास्तर देवाघरी गेले. भिंतीवर पडदा आला, त्याच्यावर यंत्रातून चित्रे पडू लागली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. झुरळांनी माझी बाग कुरतडली. शास्त्राची अशी युगे पाडू नयेत, असेही काहीजण म्हणू लागले. म्हणोत बापडे, मी काय पाहिले ते मला ठाऊक आहे. शेवटी शिंप्याच्या मुलीनेच मला खाली काढले, झटकले आणि मुलांच्या वर्गात लावले. ती काठी वापरत नाही. बोट टाक्यांवर ठेवते आणि म्हणते, "आपण इथं आहोत."

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. मला गुंडाळताना रंग आत ठेवा आणि ओल्या भिंतीला टेकवू नका. शास्त्र वाचताना ते कुणाला सांगितले आहे हे विचारा. आणि तुमच्याकडे कुणी कायम दाराजवळ बसत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि कारण विचारा.

शिंपी आता थकला आहे, पाय जास्तच ओढतो. रविवारी तो लेकीच्या या वर्गातच येऊन बसतो. त्याला यायला उशीर झाला, तर माझ्या सहाव्या वर्तुळासमोरची पहिल्या बाकावरची जागा सगळी मुले त्याच्यासाठी मोकळी ठेवतात.