मीच धुतला, मीच पुरला

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला आधीच पाहिलेलं असणार, मोबाईलवर. मागे धडकी भरवणारं संगीत, वर लाल अक्षरं, आणि मधोमध मी. ‘रत्नागिरीचा खुनी वरवंटा’ असं माझं बारसं तिथं झालंय. चार लाख लोकांनी मला पाहिलं म्हणतात. त्यांतल्या एकानंही माझं ऐकलेलं नाही, म्हणून आज मीच बोलतो. दगडाला तोंड उघडायची पाळी आली, म्हणजे माणसांनी काय दिवे लावले असतील ते समजून घ्या.

माझा जन्म घाटावरचा. इकडचा जांभा दगड भिंतींना चांगला, पण सगळा भोकाभोकांचा. त्यावर वाटण वाटलं तर निम्मी तांबडी माती पोटात जायची. म्हणून एका पाथरवटानं काळ्या कुळकुळीत दगडातून मला आणि पाट्याला घडवलं, आणि माझ्या आताच्या मालकिणीच्या, विमलाच्या, आजेसासूनं आम्हाला डोक्यावरून या वाडीत आणलं. तेव्हापासून ओलं खोबरं, धणे, मिरची, बांगड्याच्या कालवणाला तिरफळं, सगळं माझ्या अंगाखालून गेलं. विमला लग्न होऊन आली तेव्हा मला ओढताना तिचे दंड भरून यायचे. वर्षभरात तिचा हात असा बसला, की वाडीत कुणाकडे लग्न निघालं की मसाला वाटायला आधी तिला बोलावणं यायचं. जेवून उठणारा माणूस म्हणायचा, वाटण विमलाचं दिसतंय. त्यात थोडं कौतुक माझंही होतं, असं मी धरून चालायचो.

आणि मानही केवढा होता मला! बारशाला मूल पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला तेल लावून, टोपडं घालून पाळण्यात ठेवतात. पोर वरवंट्यासारखं टणक व्हावं, एवढाच हेतू. वाडीतला सर्वांत जुना वरवंटा मी, म्हणून मलाच न्यायचे. विमलाच्या मुलाच्या, संदेशच्या, आधी त्याच्या पाळण्यात मी झोपलो होतो. आज मला हातात धरून फोटो काढणाऱ्यांना हे सांगून पटणार नाही.

आता आमच्या वाडीची एक रीत सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यावरून घडलं. घरात माणूस गेलं की तेरा दिवस त्या घरात वाटण वाटत नाहीत. त्याच दिवशी घरच्या बाईनं पाटा भिंतीला उभा करायचा, वरवंटा स्वच्छ धुवायचा, आणि मागीलदारी माडाच्या आळ्यात पुरायचा. तेराव्याला शेजारणीनं येऊन तो उकरून घरात द्यायचा. का, ते मला विचारू नका. पण ही रीत वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, हे मात्र लक्षात ठेवा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, भर दुपार. विमलाचा नवरा सदू कौलं परतायला घरावर चढला होता. पाऊस यायच्या आत फुटकी कौलं बदलून घ्यायची, हे दरवर्षीचंच काम. पाय निसटला आणि तो अंगणात पडला तो जोत्याच्या कडेवर, डोक्यावर. विमला धावली तेव्हा सगळं संपलं होतं. पोलीस आले, पंचनामा झाला, सरकारी दवाखान्यात फाडाफाडी झाली, आणि अपघात म्हणून कागद झाला. संदेश तेव्हा मुंबईत, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. तो पोचेपर्यंत रात्र झाली होती.

विमला नुसती बसून होती. शेजारच्या गोदूबाई तिच्याजवळ आल्या. वाडीतल्या सर्वांत वडील बाई त्या. हळूच म्हणाल्या, “विमले, वरवंटा ऱ्हायला गो. ऊठ, तेवढं तुलाच करायला हवं.” विमला उठली. तिनं मला धुतलं आणि माडाच्या आळ्यात पुरलं. तेराव्याला गोदूबाईंनीच मला उकरून काढलं. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

गेल्या वर्षी शहरातून ऋत्विक नावाचा एक तरुण आला. पाठीवर पिशवी, हातात कॅमेरा, जीभ साखरेत घोळलेली. म्हणाला, “काकी, मी जुन्या वस्तू आणि जुन्या रीती दाखवतो. नाहीतर हे सगळं विसरलं जाईल हो.” सदूची बातमी त्याला आधीच कुठून तरी लागली होती, हे विमलाला काय माहीत! तिला बिचारीला धन्य वाटलं. तिनं मला घासलं, तेलाचा हात फिरवला, ओटीवर पाट मांडून त्यावर ठेवलं. त्याला चहा दिला, घावणे दिले. गोदूबाईही लुगडं बदलून येऊन बसल्या.

“काकी, जरा हसतमुख बोला,” तो म्हणाला. विमला हसली. आणि हसत हसत तिनं सगळी रीत सांगितली. शेवटी म्हणाली, “हे गेले तेव्हा मीच धुतला, नि मीच पुरला.” गोदूबाईंनी मान हलवली. “व्हय, माझ्यासमोर पुरलान तिनं.”

पंधरा दिवसांनी गोदूबाईंची सून नम्रता मोबाईल घेऊन आली. तिनं तो विमलाच्या हातात दिला. त्यात रीत नव्हती, पाळणा नव्हता, कौलं नव्हती. काळ्या साडीतली कुणी भाड्याची बाई वरवंटा एका हातानं डोक्यावर नेत होती. थर्माकोलचा असणार. मला कुणी एका हातानं तसं उचलून दाखवावं, मी त्याच्या घरी पाणी भरेन! मग विमलाचा हसरा चेहरा आला, आणि तेवढंच वाक्य. मीच धुतला, नि मीच पुरला. मागोमाग गोदूबाई. व्हय, माझ्यासमोर. आणि ऋत्विकचा गंभीर आवाज, की नवऱ्याचं प्रेत घरात असताना ही बाई वरवंटा का धूत होती, विचार करा.

लोकांनी विचार केला नाही. लोकांनी खाली लिहायला घेतलं. फाशी द्या. हसते बघा कशी. डोळ्यांतच दिसतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं आता उचललं बोट आणि लावलं काचेला. मला राग परक्यांचा नाही इतका. रीत ठाऊक असलेल्या आमच्या वाडीतल्या एकानंही खाली दोन ओळी लिहिल्या नाहीत, त्याचा आहे. गोदूबाईंनी तर आपला चेहरा मोबाईलवर दिसतो म्हणून माहेरच्यांना दाखवला. मग पोलीस विचारायला येतील या भीतीनं त्या गप्प झाल्या त्या झाल्याच.

शहरातून मोटरसायकली येऊ लागल्या. “मर्डरवालं घर कुठलं?” असं विचारत पोरं थेट अंगणात यायची. कुणी मला उचलून दात काढत फोटो काढायचं. लग्नाच्या मसाल्याची बोलावणी थांबली. नम्रताच्या मुलीचं बारसं निघालं, तर वरवंटा वरच्या वाडीतून आणला. गोदूबाई कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून म्हणाल्या, “माझ्या मनात काय नाय गो. पण लोक बोलतात.” विमला बरं म्हणाली आणि आत आली. मला वाटलं, ती रडेल. ती तांदूळ निवडत बसली.

तिला जगाचं फारसं वाटत नव्हतंच, मित्रांनो. तिला धाक एकच होता. संदेशनं ते पाहिलं असेल का, आणि पाहून त्याला काय वाटलं असेल? बाप गेला तेव्हा तो घरात नव्हता. त्याला जे ठाऊक होतं ते आईच्या तोंडून ऐकलेलं. त्याचा विश्वास टिकला, की ती बाकी सगळं सोसायला तयार होती.

आठवड्यानं त्याचा फोन आला. विमलाला कान लावून बोलायची सवय नाही, ती आवाज मोठा करून फोन पाट्याशेजारी ठेवते. संदेश संतापला होता. “आई, त्याला मी सोडत नाय. तोंडावर सांगतो खरं काय ते.” त्या दिवशी विमलानं कितीतरी दिवसांनी स्वतःसाठी बांगड्याचं कालवण केलं. तिचा हात माझ्यावरून हलका फिरत होता. मीही खूश होतो.

संदेश जाब विचारायला गेला, तर ऋत्विक म्हणाला, भांडता कशाला, कॅमेऱ्यासमोर तुमची बाजू मांडा. आणि आला मग दुसरा भाग. नम्रतानं आणून दाखवला. विमलाच्या पुढ्यात खोबरं खवून ठेवलेलं होतं.

संदेश इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. “माझी आई असं करणार नाय. ती आमच्या वाडीची रीत आहे,” तो म्हणाला. विमला पुढे सरकली.

“तुम्ही त्या दिवशी घरात होतात?” ऋत्विकनं विचारलं.

“नाय. मुंबईत होतो.”

“म्हणजे तुम्ही पाहिलेलं नाही. मग तिनं केलं नाही, असं छातीठोक सांगू शकता?”

संदेशनं खाली पाहिलं. मग म्हणाला, “छातीठोक म्हणजे… मी तिथं नव्हतो ना.” तिथंच संगीत सुरू झालं.

नम्रता मान खाली घालून निघून गेली. विमला मात्र खचली नव्हती. तिला अनुभव होता ना. माझ्याकडे बघून स्वतःशीच म्हणाली, “पुढचं कापलान त्यानं. माझं कापलान तसंच.” आणि तिनं संदेशला फोन लावला.

“संदेश, बघितला रे मी. तू पुढं बोललेलास ना काहीतरी? त्यानं कापलान ना ते?”

फोनमधून नुसती मुंबईच्या गाड्यांची घरघर येत राहिली.

“आई,” संदेश म्हणाला, “जेवलीस काय?”

विमलानं खवलेल्या खोबऱ्याकडे पाहिलं. “जेवले,” म्हणाली. फोन बंद झाला, तरी ती त्याच्याकडे बघत होती. ते खोबरं त्या दिवशी वाटलं गेलं नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्यांनी म्हणायचं असतं, की आम्हाला अडगळीत टाकू नका, आम्हाला जपा. मला खुशाल टाका. मी दगड आहे, मला ऊनपाऊस सारखाच. पण खुनाच्या गोष्टी चवीनं पाहता ना तुम्ही, जेवता जेवता, एकामागून एक? त्यातल्या एखाद्या चेहऱ्यामागे कुठेतरी चूल असते, आणि तिच्यापुढे बसलेलं खरं माणूस असतं. फाशी द्या असं लिहिण्याआधी त्या माणसाला निदान एकदा विचारा, बाई, तू केलंस का? विमलाला हे आजवर कुणीच विचारलेलं नाही. चार लाखांनी नाही, गोदूबाईंनी नाही. तिच्या संदेशनंसुद्धा नाही.