पांढऱ्या भिंतीपुढची पांढरी काठी

फोटोची पार्श्वभूमी उडवणं हे छापखान्यातलं माझं काम. माणूस ठेवायचा, मागच्या भिंती, खिडक्या, पंखे काढून टाकायचे, म्हणजे पानाचा रंग कुठलाही असो, तो त्यावर बसतो. पूर्वी मी कडा हाताने कापायचे. हल्ली एक बटण दाबते आणि चहाला उठते. चांगली सवय लावून घेतली होती.

माझी आत्या शाळेत गाणं शिकवायची. तिला जन्मापासून दिसत नाही. ती निवृत्त होणार म्हणून शाळेच्या अंकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो घ्यायचं ठरलं आणि काम नेमकं माझ्याकडेच आलं. इतकी वर्षं फोटो म्हटला की ती काठीची घडी करून पर्समध्ये टाकायची. या वेळी मात्र हट्टाने काठी धरून उभी राहिली. तिच्या वर्गातल्या एका मुलीची नजर हळूहळू जात चालली होती, आणि ती पोरगी काठीला हात लावायला तयार नव्हती. हा फोटो तिच्यासाठी होता.

भिंत पांढरी, काठीही पांढरी. बटणाने दोन्ही उडवलं आणि मी धड पाहिलंही नाही. पिवळ्या मुखपृष्ठावर आत्या नुसती मूठ आवळून उभी होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा अंक वाटून झाले होते. अंकावरून हात फिरवत तिने विचारलं, काठी नीट दिसतेय ना? मी हो म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझी मलाच लाज वाटते.

चार दिवसांनी तिचा फोन आला. त्या मुलीने भिंग लावून मुखपृष्ठ पाहिलं होतं आणि बाईंच्या हातात काठी नाहीच, असं तिला सांगितलं होतं.

"मी म्हटलं, आहे, माझ्या भाचीने स्वतः बघितलीय," आत्या म्हणाली. "तशी ती, आता आपल्याला तेवढंही दिसत नाही, असं समजून घरी गेली. काल‌पासून जेवली नाहीये म्हणे. अगं, मी उगाच बोलले का?"

"आत्या, काठी नाहीये. माझ्या हातून उडाली. तिला बरोबर दिसलं."

मला वाटलं, आता आत्या झाडणार. झाडलं असतं तर बरं झालं असतं.

"तिच्या घरचा नंबर लिहून घे," ती म्हणाली. "माझी माफी नंतर माग."