तेलेसियाची तुकडी

पोरं पास झाली की आमच्या बेटावर म्हाताऱ्यांचे हाल सुरू होतात. तीन दिवस नाच, तीन दिवस भाषणं, आणि सभाघरात पुढच्या रांगेत बसायचं आम्ही, कारण जुनी गाणी आम्हालाच पाठ. मांडी मोडायची नाही, पाय पसरायचे नाहीत. लाकडी पेटीवर ठोका पडला की टाळ्या वाजवायच्या, आणि आमचा नाच असा की दर फेरीला त्याचा वेग वाढतो. शेवटी शेवटी आपण टाळ्या वाजवतोय की कुणी आपल्याला बदडतंय तेच कळत नाही. माझं वय अडुसष्ट. माझ्या गुडघ्यांना यंदाच्या निकालाचं काडीचंही कौतुक नव्हतं.

यंदा चार पोरांना न्यूझीलंडच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. दोनशे पंच्याऐंशी माणसांचं आमचं गाव. आमच्या टोकेलाऊ बेटांवर इतकी पोरं एका वर्षात कुठल्याच गावाची लागली नव्हती म्हणे. चौघं गळ्यात फुलांचे हार घालून समोर चटईवर बसली होती, आणि त्यातली डावीकडून दुसरी माझी नात, तेलेसिया. गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नव्हती.

गावप्रमुख भाषणाला उठला. "तुम्ही या बेटाचं नाव काढलंत. शिका, मोठे व्हा, आणि परत या."

माझ्या शेजारी आलापाती बसला होता. तो तोंडावर पंखा धरून पुटपुटला, "गेल्या वर्षीचंच भाषण आहे. नावं तेवढी बदलली."

"गेल्या वर्षीची पोरं आली का रे परत?"

"भाषण येतंय ना परत दरवर्षी. पुष्कळ झालं."

आलापातीला असं बोलायचा हक्क आहे. त्याचे दोन्ही मुलगे असेच हार घालून गेले, त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हाही आम्ही दोघं याच रांगेत होतो, आणि त्यानं माझ्यापेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

आम्हा दोघांचं आणखी एक काम आहे. गावातली माणसं मिळून समुद्रावर गेली की आलेली मासळी कुणा एकाची नसते. ती किनाऱ्याजवळच्या मैदानात आणतात, आलापाती ती कापून तुकड्या करतो, मी घराचं नाव आणि माणसांचा आकडा पुकारतो, आणि तितक्या तुकड्या त्या घराच्या टोपलीत पडतात. माणशी एक. गावप्रमुखाला एक आणि काल रात्री जन्मलेल्या पोरालाही एकच. पाहुणा असला तरी बेटावर आहे तोवर त्याची तुकडी आहे. पण ज्याचं पाऊल बोटीवर पडलं त्याची संपली. आम्ही लिहून काही ठेवत नाही, सगळं डोक्यात. एकतीस वर्षं मी हाक देतोय आणि एकदाही चुकलेलो नाही.

याचा मला गर्व होता. वीस वर्षांपूर्वी माझी मुलगी फिलोमेना पहिल्या नंबरानं पास होऊन नर्सिंग शिकायला गेली. तीन दिवस नाच झाला. बोट सकाळी गेली, संध्याकाळी मासळी आली, आणि मी नेहमीच्या आवाजात पुकारलं, "मिकाएलेचं घर, दोन." म्हणजे मी आणि माझी विधवा बहीण लोसा. आवाज जरासुद्धा हलला नाही. लोकांनी कौतुक केलं. लोसानं मात्र त्या दिवशी मासा खाल्ला नाही. "पोरगी अजून पहिल्या बंदराला, आपिआलाही पोचली नसेल," ती म्हणाली, "आणि तू तिची तुकडी उचललीस." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, पण ती विसरलीही नाही. आमच्या घरात हे दोन्ही एकदम चालतं.

तीन वर्षांनी बोटीनं, गावच्या एका बाईच्या कडेवर, फिलोची तान्ही तेलेसिया आली. फिलो आली नाही. तिचं तिकडे शिक्षण, नोकरी, मग तिकडचाच नवरा. पत्र येतं, डबाबंद मटणाची खोकी येतात. पोर आली त्या संध्याकाळी मी पुकारलं, "मिकाएलेचं घर, तीन." पोरीला दात नव्हते, तिची तुकडी लोसानं खाल्ली.

पाच वर्षांची झाल्यापासून आमची टोपली तेलेसियाच धरायची. डोळे असे की तराजूची गरज पडू नये. सात वर्षांची असताना एकदा आलापातीनं कुणाच्या टोपलीत एक तुकडी जास्त टाकली, तर ही भर मैदानात ओरडली, "आलापाती आजोबा, चूक! त्यांच्याकडे पाच माणसं आहेत, सहा नाहीत!" गाव हसून लोळलं. आलापातीनं गुपचूप तुकडी उचलली. तेव्हापासून तो हात उचलायच्या आधी तिच्याकडे बघायचा.

खरं सांगतो, मला तिनं जायला नको होतं. शिष्यवृत्तीच्या कागदावर पालकाची सही लागत होती. तो कागद नऊ दिवस माझ्या चटईखाली पडून होता. दहाव्या दिवशी लोसानं चटई झाडताना तो बाहेर काढला, माझ्यासमोर ठेवला आणि पेन शोधायला गेली. सही केली. काय करणार? गावात सगळ्यांची पोरं जातात, सगळ्यांसाठी मी टाळ्या वाजवल्या. माझ्या घरचं आलं की हात आखडायचे, हे शोभलं नसतं. पण दमलो होतो मी त्या टाळ्यांनी.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाच रंगात आला असताना मी सभाघराच्या मागे निरफणसाच्या झाडाच्या सावलीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं तेलेसिया आली.

"आजोबा, पळून आलात ना?"

"लघवीला आलो होतो."

"पाय पसरून?"

मी पाय जवळ घेतले. ती शेजारी बसली, गळ्यातले दोन हार काढून माझ्या गळ्यात घातले, आणि मान चोळू लागली. एवढ्या कौतुकानं तिचीही मान आखडली होती.

"उद्या वाटणी आहे का?"

"बोट दिसेनाशी झाली की माणसं समुद्रावर जाणार आहेत. मिळालं तर आहे."

"मग टोपली कोण धरणार? लोसाआजीची कंबर वाकत नाही."

"धरेल कुणीतरी."

"आणि आपलं घर किती पुकारणार?"

मी गळ्यातले हार सरळ करू लागलो. आत पेटीवर ठोके वाढत चालले होते.

"आजोबा, सगळ्यांनी कौतुक केलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"टाळ्या वाजवल्या की."

"त्या तुम्ही सगळ्यांसाठीच वाजवता." तिनं हारातलं एक फूल खुडलं. मग म्हणाली, "नको जाऊ का?"

तो एक क्षण माझ्या हातात होता. ती थट्टा करत नव्हती. मी नको म्हटलं असतं तर ती थांबली असती, आणि मला अजून दहा वर्षं ती टोपली घेऊन समोर दिसली असती. ते शब्द माझ्या ओठांवर आले होते. तिच्या हातावर शाईचा डाग होता. आमच्या दिव्याखाली किती पुस्तकं वाचली होती त्या पोरीनं.

"जा," मी म्हणालो. "आणि थंडीत डोकं झाकून बाहेर पड. तुझी आई कधी झाकायची नाही."

"बस, एवढंच?"

"आणि तू हुशार आहेस. मला आधीपासून माहीत होतं, म्हणून बोललो नाही."

ती हसली आणि रडलीही. मग आतून कुणीतरी तिच्या नावानं ओरडलं आणि ती नाचायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट खडकांच्या रांगेपलीकडे उभी राहिली. पोरांना छोट्या होडीतून नेलं. गाव किनाऱ्यावर गात होतं. तेलेसियानं होडीतून हात हलवला आणि मग लाटेबरोबर होडी वर गेली तेव्हा घाबरून दोन्ही हातांनी कडा धरली. त्यानंतर तिला हात हलवायला जमलंच नाही. लोसा खुर्चीवर बसून बघत होती. ती रडली नाही. "सुपारीएवढं तोंड झालं होतं पोरीचं," एवढंच म्हणाली, आणि घरी गेली.

दुपारी माणसं समुद्रावर गेली आणि संध्याकाळच्या आत कुपा मासे भरून आली. आलापातीनं ते कापले. दोनशे पंच्याऐंशीतून चार गेले, उरले दोनशे एक्याऐंशी. त्यानं बरोबर दोनशे एक्याऐंशी तुकड्या केल्या आणि मैदानात पानांवर मांडल्या. त्याचा हात असा की कमीजास्त होत नाही. पुकारा चर्चच्या बाजूनं सुरू होतो आणि खाडीच्या टोकाला संपतो. शेवटचं घर आलापातीचंच.

मी सुरू केलं. नाव, आकडा. नाव, आकडा. हे काम मी झोपेतही करू शकतो आणि त्या दिवशी जवळजवळ झोपेतच होतो. तीन दिवसांच्या गाण्यांनी घसा बसला होता. ज्यांचे मुलगे गेले त्या घरांचे आकडे मी एकेक कमी करून सांगितले. पाच, सहा, आठ. त्या घरच्या बायकांनी माना खाली घालून टोपल्या पुढे केल्या. मी चुकलो नाही.

मग आमचं घर आलं. आमची टोपली शेजारच्या बाईनं धरली होती.

"मिकाएलेचं घर," मी पुकारलं, "तीन."

माझा आवाज मला ऐकू आला. आलापातीचा हात पानावर थांबला. सवयीनं त्यानं टोपलीकडे मान वळवली. मीही त्याच बाजूला बघत होतो. चूक झाली की ओरडून सांगणारी पोरगी आता समुद्रावर होती, आणि बाकी कुणी ओरडलं नाही. तीनशेच्या घरातलं गाव, प्रत्येकाला आकडा ठाऊक. एरवी एका शेपटीवरून भांडणारी माणसं. एक तान्हं पोर तेवढं रडत होतं, त्याला आईनं छातीशी घेतलं.

मी दुरुस्त करायला हवं होतं. तोंड उघडलं, पण त्यातून 'दोन' निघेना.

आलापातीनं एक तुकडी टाकली. दुसरी टाकली. मग माझ्याकडे न बघता तिसरी टाकली आणि म्हणाला, "पुढचं घर सांग, मिका. माशा बसतायत."

मी पुढचं सांगितलं. सगळं गाव झालं आणि खाडीच्या टोकाचं घर आलं. "आलापातीचं घर, चार." पानावर तीनच तुकड्या होत्या. त्यानं त्या आपल्या टोपलीत ठेवल्या, वर पान झाकलं आणि सुरी धुवायला पाण्याकडे गेला.

मी घरी आलो. लोसा भात टाकायच्या तयारीत होती. तिनं टोपलीवरचं पान उचललं, आत बघितलं, आणि बोटानं तुकड्या मोजल्या.

"फिलोच्या वेळी दोनच आणल्या होत्यास," ती म्हणाली.

"चुकलो, अक्का."

"चुकलास." तिनं दोन तुकड्या बाहेर काढल्या. "पण फार उशिरा चुकलास."

मी उंबऱ्यावर बसलो. वीस वर्षांनी ती त्या गोष्टीबद्दल बोलली होती. डोळे पुसायला हात उचलला तर त्याला माशाचा वास येत होता. लोसानं तिसरी तुकडी पानात बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"उठ. आलापातीच्या घरी देऊन ये. त्यांचं जेवण व्हायच्या आत."

गुडघे नको म्हणत होते. गेलो. आलापाती दारात बसून पाय चेपत होता. आत त्याची बायको, मुलगी आणि नातू जेवायला बसत होते, आणि तो बाहेर होता, यावरून कुणाची तुकडी कमी पडली होती ते दिसत होतं. मी पान पुढे केलं. त्यानं घेतलं, उघडलं नाही.

"एकतीस वर्षं," तो म्हणाला. "पोरं गेली तेव्हा माझं घर तू दोननं कमी केलंस. मला वाटायचं, या माणसाच्या आत काही आहे की नाही."

"तू बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? आकडा बरोबर होता."

सूर्य खाडीपलीकडे गेला होता. सभाघरात कुणी चटया गुंडाळत होतं, पुढच्या वर्षापर्यंत. आलापातीनं मला बसायला जागा केली आणि आम्ही दोघांनीही पाय पसरले.

"उद्या वारा पडला तर पुन्हा जाणार आहेत म्हणे," तो म्हणाला. "तुझं घर किती पुकारशील?"

मी समुद्राकडे बघितलं. तिकडे काहीच नव्हतं.

"दोन," मी म्हणालो.

"बरं," आलापाती म्हणाला, आणि पान घेऊन जेवायला आत गेला.