दुरुस्ती चालू, हात लावू नये

दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा निमिषच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन पहिल्यांदा काळा झाला. बाकी सगळं चालू होतं. कॅबिनेटमधले पंखे भणभणत होते, कीबोर्डचे दिवे लागलेले होते आणि हेडफोनमधून मित्र हाका मारत होते, "निम्या, कुठंयस? डावीकडून येतायत." निमिष कुठंच गेला नव्हता. तो काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा त्याने खोलीच्या दारातून हाक मारली, "बाबा, जरा बघता का?"

नंदकिशोर नुकताच कंपनीच्या बसने वल्लभनगरला उतरून घरी आला होता. चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो मेंटेनन्सचा प्रमुख. दिवसभर बिघडलेल्या मशिनींपुढे उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर पंख्याच्या बटणालाही हात लावू नये असं म्हणतो, पण या हाकेसरशी त्याने बूटही धड काढले नाहीत. बारावीनंतर मुलाने आपणहून खोलीत बोलावण्याची ही पहिलीच वेळ होती. एरवी ती खोली म्हणजे बंद दार आणि आतून येणारे गोळीबाराचे आवाज. त्यावरून बापलेकांत जे काय व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि आता दोघंही त्या विषयाला वळसा घालून जात.

"केव्हा होतं?" नंदकिशोरने विचारलं.

"गेम सुरू केला की. साधं काही चालू असलं तर होत नाही."

"लोडवर. बरं." नंदकिशोर खुर्ची ओढून बसला. "घाई करायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चालवून बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड जातो, पण कशाने गेला ते कळत नाही. मग तो परत येतो."

"रविवारी मॅच आहे बाबा."

"रविवारला वेळ आहे."

ही मॅच साधी नव्हती. पाच जणांचा संघ, मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी, आणि जिंकले तर पुढची फेरी हैदराबादला, खऱ्या स्टेजवर. संघातली चार नावं पक्की होती. पाचवी जागा निमिषला मिळाली होती, पण या फेरीपुरती. तो कसा खेळतो ते बघून ती कायम होणार होती. हे त्याने आईला सांगितलं होतं. आईने नंदकिशोरला सांगितलं, तेव्हा तो इतकंच म्हणाला, "मग मशीन रविवारपर्यंत उभं राहिलंच पाहिजे." उत्पादनाच्या लोकांना तो जसं म्हणे तसंच.

पहिल्या संध्याकाळी त्याने मॉनिटर बदलून हॉलमधला टीव्ही लावून पाहिला. तोही काळा झाला. दुसऱ्या संध्याकाळी मॉनिटरची वायर बदलली. मग सोसायटीच्या लाइनवर मीटर लावून व्होल्टेज पाहिलं. ते ठीक होतं. निमिषने ग्राफिक्सचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, त्यानेही फरक पडला नाही. मृदुला, म्हणजे निमिषची आई, शाळेचे पेपर तपासता तपासता हे सगळं ऐकत होती. दोघांचे आवाज एकाच खोलीतून येताहेत आणि भांडणाचे नाहीत, याचं तिला इतकं बरं वाटलं की तिने दोन्ही दिवस मध्येच उठून चहा केला.

नंदकिशोरलाही बरं वाटत होतं, आणि ते त्याला नंतर सर्वांत जास्त लागलं. मुलगा शेजारी बसून टॉर्च धरतो, विचारलं ते सांगतो, मध्येच "हे तुमच्या कारखान्यातल्या रोबोटला पण असतं का हो?" असं विचारतो. बिघाड लगेच सापडावा अशी घाई त्याच्या मनाला नव्हती. हे त्याने तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

गुरुवारी त्याने कॅबिनेटची बाजूची पट्टी, म्हणजे झाकणासारखा पत्रा, उघडली. आत टॉर्च मारला आणि तो नकळत खूश झाला. वायरिंग कसं चापूनचोपून बसवलेलं, नीट होतं. ते त्याचंच काम होतं. खंडेनवमीला कारखान्यात एकेक मशीन पुसून, हार घालून, हळदकुंकू वाहून पूजा होते. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने निमिषचा कॉम्प्युटरही पूजेला घेतला होता. निमिष तेव्हा क्लासला गेला होता. नुसतं झेंडूचं फूल ठेवून भागलं असतं, पण आत धूळ आणि वायरींचं जंजाळ पाहून त्याला राहवलं नाही. धूळ काढली, सगळ्या वायरी एकत्र घेतल्या, केबल टायने आवळून एका बाजूला बांधल्या आणि मग फूल ठेवलं. पसरलेली वायर म्हणजे उद्याचं ब्रेकडाउन, हे तो शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी सांगे.

"बाबा," निमिष मागून म्हणाला, "तुम्ही पूजेच्या वेळी उघडला होता ना, त्यानंतरच हे सुरू झालं."

"पूजेनंतर तू रोज किती तास बसलायस ते बघ आधी," नंदकिशोर म्हणाला. "रात्रंदिवस पिटलं की कुठलंही मशीन तापतं. हे तापण्याचंच लक्षण आहे."

निमिषने पुढे होऊन टॉर्च धरला. कारखान्यात लाइन थांबली की नंदकिशोरचा पहिला प्रश्न ठरलेला असे, मशीनला शेवटचा हात कोणाचा लागला? त्या प्रश्नाने त्याने मोठमोठे बिघाड काही मिनिटांत पकडले होते. घरी तो प्रश्न त्याला सुचला नाही, आणि मुलाने उत्तर पुढे केलं तेही त्याने घेतलं नाही.

शुक्रवारी बसला उशीर झाला. नंदकिशोर घरी आला तर निमिष स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कॅबिनेटपुढे मांडी घालून बसलेला.

"काय करतोयस?"

"सगळ्या वायरी सोडून परत लावून बघतो. अनिश म्हणाला, आधी तेच बघ."

"अनिश कोण? तो पिंपळे सौदागरचा?"

"हो. आमचा कॅप्टन. तो म्हणतो, नाही जमलं तर रविवारी त्याच्याकडेच ये. त्याच्याकडे दुसरा सेट आहे."

"आपलं मशीन बंद पडलं म्हणून दुसऱ्याच्या शेडमध्ये जाऊन माल काढायचा?" नंदकिशोर हसला. "राहू दे. आणि हे सोडू नकोस. मी आजवर काय काय तपासलं ते सगळं वाया जाईल."

त्याने ऑफिसच्या बॅगेतून लाल टॅग काढला. मशीन दुरुस्तीला घेतलं की मेनस्विचला अडकवतात तो, वर छापलेलं, दुरुस्ती चालू, हात लावू नये. अर्धी गंमत म्हणून त्याने तो कॅबिनेटच्या हँडलला अडकवला.

मृदुला म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना त्याला अनिशकडे. कशाला धोका?"

"एक दिवस दे मला फक्त."

निमिषने स्क्रू-ड्रायव्हर डब्यात ठेवला. त्याला तो टॅग गंमत वाटला नाही, कारण तो काय असतो हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. कारखान्यातला किसन नावाचा हेल्पर दिवाळीला पेढे घेऊन घरी यायचा आणि त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. कोणीतरी टॅग न बघता प्रेस चालू केला होता. नंदकिशोरने मुलाला किसनचा हात हातात घेऊन दाखवला होता. ज्याने टॅग लावला त्यानेच काढायचा, दुसऱ्याने कोणी नाही, मालकाने सुद्धा नाही.

शनिवारी सुट्टी होती. नंदकिशोरने बाजूची पट्टी काढून ठेवली, समोर टेबलफॅन लावला आणि निमिषला खेळायला बसवलं. दुपार गेली तरी स्क्रीन काळा झाला नाही. निमिष खेळतच राहिला. त्याची पाठ हळूहळू सैल होत गेली. संध्याकाळी त्याने हेडफोन काढला आणि चक्क हसला.

"तापतच होतं," नंदकिशोर म्हणाला. त्याने आतले पंखे ब्रशने साफ केले, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावली, आणि मग ती पट्टी उचलली.

"उघडंच राहू दे ना बाबा उद्यापुरतं."

"गार्ड काढून मशीन चालवत नाहीत, निमिष. कारण सापडलंय, काम झालंय. आता बंद करून चालवायचं."

चारही स्क्रू घट्ट बसवून त्याने दहा मिनिटं चालवून पाहिलं. चाललं. मग टॅग काढून खिशात ठेवला आणि म्हणाला, "घे, तुझ्या ताब्यात."

रविवारी सकाळी संघाने पहिला डाव जिंकला. नंदकिशोर हॉलमध्ये पेपर धरून बसला होता, पण वाचत नव्हता. आतून निमिषचा आवाज येत होता, भराभर, ठाम, चौघांना सूचना देणारा. हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. दुसरा डाव सुरू झाला. थोड्या वेळाने तो आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

नंदकिशोर दारात गेला. स्क्रीन काळा होता. हेडफोन टेबलावर पडला होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता, "निम्या? भावा, आहेस का? अरे कोणीतरी मागं बघा." निमिषने बंद करून चालू केलं. परत येईपर्यंत डाव गेला होता. तिसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच पुन्हा तसंच. नियमाप्रमाणे संघाला राखीव खेळाडू घेता येत होता. त्यांनी अनिशच्या चुलतभावाला, तेजसला, बसवलं आणि फेरी जिंकली.

निमिषने वडिलांना हाक मारली नाही. दारात उभ्या असलेल्या वडिलांकडे वळून फक्त म्हणाला, "जिंकलो आम्ही." आणि अंघोळीला गेला.

सोमवारी नंदकिशोरने रजा टाकली. निमिष कॉलेजला गेल्यावर त्याने पट्टी उघडली आणि या वेळी टॉर्च आपल्याच कामावर धरला. आवळलेल्या वायरींचा जुडगा बाजूच्या पट्टीला टेकत होता. पट्टी लावली की ती जुडग्याला दाबायची आणि जुडगा ग्राफिक्स कार्डात जाणाऱ्या वीजपुरवठ्याच्या प्लगला ओढायचा. प्लग अर्धवट बाहेर आला होता आणि एका कडेने तपकिरी पडला होता. शनिवारी पट्टी काढलेली होती म्हणून सगळं चाललं. पंख्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्याने पक्कड घेऊन टाय कापले. वायरी सुटून पसरल्या. प्लग दाबल्यावर टक् असा आवाज झाला. सगळं काम चहा गार व्हायच्या आत संपलं.

निमिष आल्यावर त्याने त्याला आत नेऊन दाखवलं. "हे माझ्या हातचं. पूजेच्या दिवशीचं."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता. शुक्रवारी तेच बघणार होतो."

"मग बघायचं होतंस. रात्री मी झोपलेला होतो. शनिवारी सकाळी मी बाजारात होतो. काढायचा तो टॅग आणि बघायचं."

निमिष त्याच्याकडे नवल वाटल्यासारखा बघत राहिला. "टॅग लावलेला होता ना, बाबा."

त्यात टोमणा नव्हता. नंदकिशोर वायरींकडे बघत म्हणाला, "मी बोलू का अनिशशी? सांगतो की चूक माझी होती."

"नको बाबा. कोणाचे वडील असा फोन करत नाहीत." मग प्लगला हात लावून बघत तो म्हणाला, "आणि त्यांनी तेजसला घेतलं. चांगला आहे तो."

पुढची फेरी हैदराबादला झाली. निमिष अनिशच्या घरी जाऊन बघतो म्हणाला. अनिश स्वतः स्टेजवर असला तरी घरी त्याचे आईवडील होते, आणखी मित्र जमणार होते. "जाऊ का?" त्याने विचारलं. वीस वर्षांच्या मुलाने सौदागरला जायला विचारलेलं पाहून मृदुलाने नवऱ्याकडे पाहिलं. "जा की," नंदकिशोर म्हणाला, "विचारतोस काय."

तो गेल्यावर नंदकिशोर मुलाच्या खुर्चीत बसला. मृदुलाने मोबाइलवर शोधून दिलेली लिंक त्याने कॉम्प्युटरवर उघडली. स्टेज, दिवे, पाच मुलं ओळीत बसलेली. कोण कुठे गोळ्या झाडतंय ते त्याला कळेना. बराच वेळ बघितल्यावर एवढं लक्षात आलं की चौघं पुढे धावतात आणि पाचवा मागे राहतो. तो कमी झाडतो, जास्त बोलतो. पुढच्यांना दिसत नाही ते तो बघतो आणि सांगतो. तेजस नावाचा मुलगा ते काम करत होता आणि दोनदा सांगायला उशीर झाला. नंदकिशोरला तेवढं मात्र चटकन कळलं. त्याच्या खात्यात असा माणूस मिळायला वर्षं लागतात.

"चहा टाकू?" मृदुलाने दारातून विचारलं.

"थांब जरा. मागून येतायत," तो म्हणाला, आणि आपण हे कोणाला सांगतोय ते कळून खुर्चीत मागे टेकला.

संघ हरला. निमिष दिवेलागणीला परत आला, चपला जागेवर ठेवल्या.

"हरले ना रे?" नंदकिशोर म्हणाला.

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. तो मागचा उशिरा सांगत होता."

निमिषच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, आता तो बोलेल, बसेल, एकेक डाव उलगडून सांगेल असं वाटलं. नंदकिशोर खुर्चीतून जरा सरकलाही, शेजारी जागा होईल म्हणून.

"पहिल्यांदाच खेळत होता तो स्टेजवर. होतं तसं," निमिष म्हणाला. "तुम्ही जेवून घ्या बाबा. मी आलोय खाऊन."