कानातल्या बाई

वीज कार्यालयाच्या तक्रार-खिडकीवर ती दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" असं गोड हसून म्हणायची. घरी मात्र पंधरा वर्षांच्या लेकीने एक उलट शब्द टाकला, की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. मग लेक हाताला येईल ते फेकायची. दोन दारं, टीव्ही आणि शाळेतल्या एका मुलीचा पुढचा दात, इथवर मजल गेली होती. आता उपचारांची ही शेवटची खेप. आजही जमलं नाही, तर मुलीला निवासी केंद्रात पाठवायचं, असं ठरलेलं होतं. संमतीचा कागद आईच्या पर्समध्ये पडून होता.

उपचाराची तऱ्हा मोठी अजब होती. मायलेकी खोलीत समोरासमोर बसायच्या आणि थेरपिस्टबाई काचेपलीकडे माइक घेऊन. आईच्या कानात एक इवलंसं यंत्र; बाई सांगतील ते तिने लेकीला म्हणायचं. लेकीला हे सगळं ठाऊक होतं. "रिमोटवरची आई आली," असं ती चिडवायची.

त्या दिवशी शाळेचा विषय निघाला आणि बिनसलं. लेक ताडकन उठली. तिने खुर्ची डोक्यावर उचलली.

आईची बोबडीच वळली. कानात पडेल ते म्हणायचं, एवढंच तिला सुचत होतं. ती मोठ्याने म्हणाली, "घाबरू नका. तुमचे हात थरथरतायत. ते मांडीवर ठेवा."

लेक थबकली. तिने आईच्या हातांकडे पाहिलं. ते खरंच लटलट कापत होते.

"अगं, हे तुला सांगितलंय त्यांनी!" ती फिसकन हसली. भलत्याच वेळी आईलाही हसू फुटलं. खुर्ची खाली आली. मग लेकीचं हसू विरलं.

"तू मला घाबरतेस?"

आईने क्षणभर वाट पाहिली. कानातून काहीच येईना. तिने यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"घाबरते. पण पर्समध्ये तो कागद आहे ना, त्याला जास्त घाबरते. महिना झाला, सही करायला हातच उचलत नाही."

लेकीने यंत्र उचलून स्वतःच्या कानात घातलं आणि काचेकडे तोंड केलं. "आता मला सांगा, काय बोलू?"

मान तिरकी करून तिने ऐकलं. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "त्या म्हणतायत, सांग, मला घरीच राहायचंय. राग आला की फेकाफेक न करता गॅलरीत जाऊन उभी राहीन. पण तू मागोमाग येऊन बडबडायचं नाही."

"नोंदवून घेतलं," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दार उघडून बाई आत आल्या.

"बाई, काय नेमकं सांगितलंत तिला!" आई म्हणाली.

"मी? मी तर माइक मघाशीच बंद केला."

लेकीने यंत्र काढून मुठीत लपवलं. तिचे कान लालबुंद झाले होते.