माळावरचा पंखा

माळावर पंखा फिरत होता.

उघड्या माळावर, जिथे विजेचा खांबसुद्धा नाही, तिथे छताचा पंखा फिरत होता आणि फिरता फिरता लंगडत होता. कर्र, कर्र, टक. कर्र, कर्र, टक. हेडफोन कानांवर दाबून ती ऐकत राहिली. मग मान वर करून तिने आपल्या खोलीतल्या पंख्याकडे पाहिलं. तोही तसाच लंगडत होता, दुरुस्तीवाल्याला कंटाळून. तिने उठून बटण बंद केलं. पाती थांबली.

कानातला पंखा चालूच.

तिने श्वास रोखला. कानात कोणीतरी श्वास सोडला. सावकाश, नाकातून, आणि शेवटी बारीक शीळ. लहानपणी झोपाळ्यावरून नाकावर आपटली होती, तेव्हापासून ही शीळ तिच्याच नाकात मुक्कामाला होती.

थांबा. आधीचं सांगितल्याशिवाय पंखा समजायचा नाही.

ती जमिनीच्या दाव्यांच्या कचेरीत होती. सगळे तिला 'कान' म्हणत. डोंगरात वरची माणसं राहत, आपण सगळे यायच्या कितीतरी आधीपासून. त्यांच्या भाषेला लिपी नाही, म्हणून कायद्याने त्यांचं म्हणणं आवाजातच नोंदवायचं. त्यांचा माळ खाणीला हवा असेल तर सगळी सभा बसवायची, विचारायचं, आणि सभा तोंडाने 'हो' म्हणाली तरच माळ द्यायचा.

हे ध्वनिमुद्रण तिच्याकडे यायचं ते साफ व्हायला. खोकला काढायचा, खाकरणं काढायचं, आणि उरलेल्या भोकात 'कोरी' भरायची. कोरी म्हणजे रिकाम्या जागेचा आवाज. भोक तसंच सोडलं तर ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. म्हणून तिच्या संगणकात निरनिराळ्या जागांच्या शांतता जपून ठेवलेल्या होत्या. स्वतःच्या खोलीची कोरी तिने एकदा जेवणाच्या सुट्टीत घेतली होती, श्वास रोखून. रोखला होता असं तिला वाटलं होतं.

तर, साहेबांनी माळावरच्या सभेचं मुद्रण आणून दिलं.

"जरा साफ कर. फार पसरलंय. ऐकणारा घोरायला लागेल."

वरची भाषा तिला येत नव्हती. तिने हेडफोन चढवले, ऐकलं आणि

(इथला तुकडा काढला आहे. पुढे जागेवर लावू.)

साहेबांच्या हातात दिलं. साहेब म्हणाले, "लोण्यासारखं झालंय."

त्याच संध्याकाळपासून तिच्या घरात माणसं येऊन बसायला लागली.

दिसत नव्हती. घरात एरवी मामा, म्हणजे तिच्या आईचा भाऊ. तो याच कचेरीच्या कायदा विभागातून निवृत्त झाला होता आणि भाचीच्या सरकारी घरात राहून दिवसभर बोलत असे. बोलता बोलता चहाचा घोट घ्यायला थांबला की मध्ये फट पडायची. त्या फटीत वारा यायचा. खिडक्या बंद. आणि वाऱ्याखाली खूप माणसं एकत्र बसल्यावर जो असतो तो आवाज: श्वास, गुडघा बदलणं, धुळीत फिरणारं बोट. मामाने तोंड उघडलं की सगळं गप्प.

"मामा, बोलत राहा ना."

मामा कप हातात धरून तिच्याकडे पाहत राहिला. "तुझ्या मामीने हे ऐकायला हवं होतं."

काही दिवसांनी तेच मुद्रण प्रती काढायला परत आलं. सुनावणी जवळ आली होती. तिने सहज कानाला लावलं. साहेबांचा प्रश्न आला, मग पंखा, मग तिचा श्वास, मग एका म्हातारीचा स्पष्ट 'हो', आणि तिच्यामागून सभेचा 'हो'. आधी तिथे हा 'हो' नव्हता, की तिच्या खोलीची कोरीही; कोणीतरी ती तिच्या संगणकातून घेऊन 'हो' सांधायला वापरली होती. इतकं तर भाषा न कळताही कळतं.

घरी तिने विषय काढला.

"मामा, कचेरीतली लबाडी उघडी पाडली, तर कायदा सांभाळून घेतो ना?"

"घेतो म्हणजे? नोकरी जात नाही, घर जात नाही, केसाला धक्का लावायची कोणाची हिंमत नाही. फक्त एक मेख आहे."

"कसली?"

"त्या लबाडीत सांगणाऱ्याचा स्वतःचा हात नको. कळत असो की नकळत." मामाने बशी खाली ठेवली. "तुझा आहे का?"

"चहा गार होतोय तुमचा."

"म्हणजे आहे."

मग दोघंही बोलले नाहीत, आणि घर गच्च भरलं.

सुनावणीआधी मुद्रण ऐकायचा हक्क दावेदारांना असतो. म्हणून म्हातारी आली, त्या सभेची म्होरकी. ती बाजारात मध विकायची, त्यामुळे खालची भाषा चांगली बोलायची. खुर्ची सोडून जमिनीवर बसली, हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"आवाज माझाच आहे, बाई."

"मग तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणाले की. तुमच्या साहेबांनी विचारलं, सगळे आलात का. आलो होतो. म्हटलं, हो."

"आणि माळ द्याल का विचारलं तेव्हा?"

"तेव्हा बसलो."

"बसलो म्हणजे?"

"म्हणजे नाही." म्हातारीला तिची कीव आल्यासारखं दिसलं. "नाही म्हणून कोणाच्या तोंडावर मारू नये, बाई. गप्प बसावं. समोरचा उठून जाईपर्यंत. तुमचे साहेब उन्हात पार तांबडे झाले, तेव्हा कुठे उठले." ती खुदकन हसली. मग तिने हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि तिचा चेहरा उतरला. "पण यात आम्ही बसलेलोच नाही. गेलो कुठे आम्ही?"

कुठे गेले ते तिला माहीत होतं. तिच्या घरी, मामाच्या घोटाघोटांच्या मध्ये.

(काढलेला तुकडा, आता जागेवर:)

प्रश्न आला आणि त्यानंतर कोणी काही बोललंच नाही. वारा होता, श्वास होते, लांबवर एक गाय होती. बराच वेळ. तिला वाटलं, वाया गेलेलं मुद्रण. सवयीने दोन्ही टोकांना खूण करून तिने सगळं काढलं. पण फेकलं नाही. उघड्या माळाची इतकी सुरेख कोरी पुन्हा कधी मिळायची? आपल्या शांततांमध्ये ती तिने नीट ठेवून दिली.

म्हातारी जाताच साहेब दारात.

"काय म्हणत होती?"

"काही नाही. गप्प होती."

"तूही तशीच राहा. मुद्रण साफ कोणी केलं, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर नाव घ्यावं लागेल."

सुनावणीच्या खोलीत मागच्या बाकांवर वरची माणसं, कडेला मामा, पुढे साहेब आणि खाणीचा वकील. समोर अध्यक्षबाई. मुद्रण लावायला तिलाच बोलावलं होतं. लावायच्या आधी ती म्हणाली, "यात पंखा आहे. माळावर पंखा नसतो."

ऐकवलं. कर्र, कर्र, टक.

वकील हसला. "पंखा कुठेही असतो. आपल्या डोक्यावरही आहे. प्रत काढताना शिरला असेल."

एकदोघं हसले. अध्यक्षबाई पान उलटायला निघाल्या.

"पंख्याखाली कोणाचा तरी श्वास आहे," ती म्हणाली आणि आवाज वाढवला.

शीळ खोलीभर पसरली. अध्यक्षबाईंचा हात थांबला. "हा कोणाचा?"

कडेला मामाने हळूच मान हलवली. नको. माहीत नाही म्हटलं असतं तर पंखा कुठलाही पंखा झाला असता, घर राहिलं असतं, मामाची खिडकीजवळची खुर्ची राहिली असती. माळ तेवढा गेला असता.

तिने माइक नाकाशी ओढला आणि नुसता श्वास सोडला.

तीच शीळ.

"माझा," ती म्हणाली. "कोरी माझ्या खोलीतली. या जागी सभेचा आवाज होता, तो काढला मीच. काढलेलं जपून ठेवलंय. ऐकवते."

वारा सुटला. खोलीत माणसं येऊन बसली. वकील हरकत घ्यायला उभा राहिला, त्याचं तोंड उघडलं, आणि तो तसाच खाली बसला. मागच्या बाकांवरची माणसं त्याच लयीत श्वास घेत होती. कुठला श्वास स्पीकरमधला आणि कुठला बाकावरचा, हे तिच्या कानालाही वेगळं करता येईना. यंत्रावरचा दिवा विझला, मुद्रण संपलं, तरी ते चालूच राहिलं. कोणी खोकलं नाही. अध्यक्षबाई आपल्या हातांकडे बघत होत्या.

शेवटी खुर्ची सरकली. साहेब, पार तांबडे झालेले, उठून बाहेर गेले.

मग म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "झालं," ती म्हणाली.

माळ राहिला. घर सोडायची नोटीस आठवड्याभरात आली. कलमाची मेख मामाने सांगितली होती तशीच निघाली.

मामा पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत होता आणि बोलत होता. "ऐकलंस का? साहेब म्हणे हल्ली घरात रेडिओ बंदच करू देत नाहीत. जेवताना चालू, झोपताना चालू. बायको माहेरी जायला निघालीय. मी म्हटलं, माणसाला गाण्याची आवड एवढी अचानक कशी..."

तो घोट घ्यायला थांबला.

तिने कान दिला. खोली रिकामी होती. नाकातली शीळ तेवढी वाजली.

"बोल की काहीतरी," मामा म्हणाला. "कुठे जायचं आपण? पस्तावतेस का आता?"

ती गप्प बसली. मामा थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग उठून स्वयंपाकघरात गेला.